द्राक्षबागेतला हात: तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

कुष्ठरोगाच्या रजिस्टरमध्ये अख्खा माणूस एका ओळीत मावतो. नोंदणीची तारीख, रोगाचा प्रकार, डोसांचे बारा चौकोन आणि शेवटी 'उपचार पूर्ण' असा शेरा. या प्रकरणातली ओळ नियमात बसेल अशी भरली गेली. तरी शेरा पडला त्या दिवशी या बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, मजुरीच्या टोळीत त्यांची जागा दुसरीला गेली होती आणि घरात त्यांचं ताट वेगळं होतं. म्हणून रजिस्टर जिथं संपतं त्याच्या पुढचं मी जास्त लिहितोय, आधीचं गरजेपुरतं.

मी सांगली जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून काम करतो. बाईंची ओळख पटू नये म्हणून गाव लिहीत नाही, नात्यातले आणि वयाचे काही तपशील बदलले आहेत.

घर आणि काम

बाई चाळिशीच्या आतल्या, सातवी शिकलेल्या. नवरा हंगामात बेदाण्याच्या शेडवर, एरवी टेंपोवर. घरात सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि शाळेतला मुलगा. जमीन एकरभरही नाही, तीही कोरडवाहू. घर चालायचं ते मुख्यतः बाईंच्या रोजगारावर.

तासगाव भागात बायकांचा रोजगार म्हणजे द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की फुटी काढायच्या, मग घडांची विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), घडांना पेपर लावणं, नव्या वर्षात काढणी, एप्रिलात खरड छाटणी. काढणीच्या सुमारास बेदाण्याची शेडं सुरू होतात, तिथं निवडायला बायका लागतात. पावसाळ्यात मात्र हात रिकामे. बहुतेक काम टोळीने आणि उक्तं असतं. बागायतदाराशी एकराचा दर मुकादमीण ठरवते आणि पैसे टोळीत सारखे वाटले जातात. एकीचा हात मंद चालला तर तिचं काम बाकीच्यांच्या अंगावर येतं आणि वाटा तोच राहतो. हा हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. बाईंच्या बाबतीत पुढे जे झालं त्यातलं बरंचसं या हिशेबातून झालं. किळस आणि भीती होतीच, पण सगळं त्यांच्यावर ढकलता येत नाही.

निदान

पहिला चट्टा दंडावर आला, फिकट लालसर, रुपयाएवढा. खाज नाही, दुखणं नाही. गावातल्या डॉक्टरांनी गजकर्ण समजून मलम दिलं, ते संपल्यावर दुसरं दिलं. तोवर पाठीवरही चट्टे आले होते, ते बाईंना दिसणार कसे? चट्टा बधीर आहे की नाही हे पाहायला कापसाचा बोळा पुरतो. डोळे मिटायला सांगायचे, बोळा टेकवायचा आणि कुठं लागला ते बोटाने दाखवायला सांगायचं. पण हे करायला आधी कुष्ठरोग डोक्यात यावा लागतो, आणि तो हल्ली येत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेलं आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. डॉक्टरांनीही तोच घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात.

मधल्या काळात भाकरी करताना बाईंची करंगळी तव्यावर भाजली. फोड दुसऱ्या दिवशी मुलीला दिसला, बाईंना पत्ता नव्हता. मग विरळणी करताना कात्री बोटाला लागली आणि घडावर रक्त दिसल्यावर त्यांना कळलं. दोन्ही वेळा त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. हाताला कळेनासं झालंय हे टोळीत समजलं तर काम जाईल, एवढं गणित त्यांना तेव्हाच सुटलं होतं.

रोग सापडला तो कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत. घरोघरी आशाताई आणि पुरुष स्वयंसेवक फिरले तेव्हा नवऱ्यासमोर आणि सासूसमोर बाईंनी 'कायबी न्हाई' असं सांगितलं. आशाताई त्याच गावच्या. त्या दुपारी एकट्या परत आल्या, तेव्हा बाईंनी दंड उघडा केला.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासलं तेव्हा नऊ चट्टे निघाले. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूची अल्नर शीर (रक्ताची नव्हे, हाताला संवेदना आणि हालचाल देणारी मज्जातंतूची शीर) सुतळीसारखी जाड लागत होती, दाबली की बाई कळवळायच्या. करंगळी आणि शेजारच्या बोटात कागद धरायला दिला, तर ओढल्याबरोबर सुटून आला. तळहाताच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागात पेनचं टोक टेकवलेलं कळत नव्हतं. पाचपर्यंत चट्टे असतील तर कमी जंतूंचा प्रकार, सहा किंवा जास्त असतील तर जास्त जंतूंचा. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बाईंची नोंद दुसऱ्या प्रकारात केली.

"रक्तपिती हाय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "पोरीला व्हईल का?"

रक्तपिती हे कुष्ठरोगाचंच जुनं नाव, त्यामुळे पहिल्याला हो म्हणावं लागलं. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक होतं. हा जंतू हॅन्सन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ मध्ये शोधला, तेव्हापासून माहीत आहे की रोग रक्तातून वारशाने येत नाही. तो नाकातोंडाच्या तुषारांतून, बराच काळ जवळ राहिलेल्या माणसाला होऊ शकतो, पण बहुसंख्य माणसांची प्रतिकारशक्ती त्याला थारा देत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही, त्यामुळे कुणाकडून आला हे शोधणं बहुधा निरर्थक असतं. औषध सुरू झालं की रुग्णापासून लागण होणं थांबतं. हे सगळं मी सांगितलं. बाईंच्या कानापर्यंत त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं गेलं असावं, कारण त्यांनी लगेच विचारलं, "मग गोळी आत्ताच द्या की."

गोळ्या म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेला बहुविध औषधोपचार: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. महिन्याचा मोठा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या रोज घरी. पाकीट सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. बाईंना असे बारा डोस अठरा महिन्यांच्या आत पुरे करायचे होते. मोठ्या डोसानंतर लघवी लाल होते, ते आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून पाकीट फेकून देतो. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते आणि औषध थांबल्यावर काही महिन्यांनी पूर्ववत होते, हेही आम्ही सांगतो. त्यावरून गावात काय विचारलं जातं आणि तिथं काय उत्तर द्यायचं, हे मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. बाईंनी स्वतःच उत्तर शोधलं: "रगात कमी हाय, त्याच्या गोळ्या चालू हायत." डॅप्सोनमुळे हिमोग्लोबिन तपासावंच लागतं, त्यामुळे थाप पचली.

चौथा महिना

चौथ्या महिन्यात चट्टे लाल होऊन सुजले, कोपर रात्रभर ठणकू लागलं, करंगळी आणि अनामिका आत वळू लागल्या. बाईंनी निष्कर्ष काढला की गोळ्या उलटल्या, आणि त्या बंद केल्या. डोस बुडाला. दवाखान्यातून निरोप गेला तर 'माहेरी गेल्यात' असं उत्तर आलं. शेवटी आशाताईंना न उघडलेलं पाकीट डाळीच्या डब्यामागे सापडलं.

याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. उपचारादरम्यान शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि मेलेल्या, मरत असलेल्या जंतूंवर तुटून पडते. ते जंतू शिरेत असतात, म्हणून शीर सुजते आणि कोपराच्या अरुंद जागेत चेपली जाते. औषध लागू पडत नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. गोळ्या थांबवायच्या नसतात, जोडीला प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टिरॉइड द्यायचं असतं. साखर आणि रक्तदाब तपासून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली आणि दर दोन आठवड्यांनी मात्रा उतरवत नेली. शिरेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर हाताची ताकद परत येण्याची आशा असते. बाई दोनेक महिन्यांनी हाती लागल्या. ठणका गेला, मनगटाजवळची ताकद बरीच आली, दोन बोटं मात्र वळलेलीच राहिली.

रिअ‍ॅक्शनची कल्पना त्यांना पहिल्या दिवशी दिली होती, कार्डावरही ते छापलेलं असतं. पण रोगाचं नाव ऐकलं त्या दिवशी माणसाच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही. माझ्या मते ही गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसाला पुन्हा सांगायची असते, आणि रुग्णाबरोबर घरातल्या एकाला तरी.

घरातलं ते एक माणूस म्हणजे मुलगी निघाली. रात्री दिव्याखाली आईचे दोन्ही हात पाहायचे, कुठं फोड, चिरा, काळा डाग आहे का ते बघायचं, हे काम तिने अंगावर घेतलं. हात वीस मिनिटं पाण्यात भिजवायचा, घट्टे खरबरीत दगडाने हलके घासायचे, ओल्या हातालाच खोबरेल चोळायचं आणि डाव्या हाताने वाकडी बोटं मांडीवर सरळ करायची, दिवसातून अनेकदा. रात्री बोटांना पट्टी बांधून झोपायचं. स्वयंपाकघरातले बदल मायलेकींनी स्वतः शोधले. हाताने भाकरी उलटायची सवय बाईंना सोडावी लागली आणि ते त्यांच्या जिवावर आलं, कारण उलथन्याने उलटलेली भाकरी ही भाकरीच नव्हे असं त्यांचं ठाम मत आहे. पातेलं पदराने न धरता सांडशीने, चहा पेल्याऐवजी दांडीच्या कपात. सांडशीला जाड कापड गुंडाळलं, म्हणजे पकड बसते.

बारा डोस पंधरा महिन्यांत पुरे झाले. नियमात बसलं.

शेजारची घरं

घरातल्या आणि शेजारच्या माणसांना तपासून, निरोगी असतील तर रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, त्याने त्यांना रोग होण्याचा धोका काही अंशी कमी होतो. उपाय चांगला आहे. पण शेजारच्या घरात गोळी घेऊन गेलं की 'आम्हालाच का?' असा प्रश्न येतो आणि उत्तर सगळ्यांना आपोआप कळतं. म्हणून रुग्णाच्या संमतीशिवाय तसं करायचं नसतं. बाईंनी सांगून टाकलं: घरच्यांना द्या, शेजारी पाय ठेवायचा नाही.

तोड काढली आशाताईंनी. वस्तीतल्या सगळ्यांची कातडीची तपासणी ठेवली: गजकर्ण, खरूज, नायटा, जे असेल ते. मलमंही वाटली, त्यामुळे गर्दी झाली. त्यात दोन घरं सोडून राहणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर एकच बधीर चट्टा निघाला. सहा महिन्यांत त्याचा उपचार संपला, आज खूणही दिसत नाही. लहान मुलात रोग सापडतो तेव्हा आजूबाजूला उपचार न घेतलेलं मोठं माणूस असण्याचा संशय घ्यायचा असतो. ते बाईच होत्या की आणखी कुणी, हे ठरवता येत नाही. तपासणीला सगळी वस्ती आली, बाईंच्या सासूबाई सोडून.

एवढं जपूनही गोष्ट फुटली. पुतण्याने पाकिटावरचं औषधाचं नाव मोबाइलवर टाकून पाहिलं. पुढचं सांगायला नकोच.

ताट आणि उपवास

सासूबाईंनी ताट वेगळं केलं, अंथरूण सोप्यात टाकलं. नवरा काही बोलला नाही, मग एकदा म्हणाला, "थोडं दिस माहेरी जा." त्याच्या चुलत्याने सोडचिठ्ठीचा विषय काढला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातून काढलंय, हे मी त्यांना सांगितलं. चुलते गप्प बसले, पण कायद्याने ताट एकत्र होत नसतं.

सासूबाईंना दुष्ट ठरवून मोकळं व्हायला मी तयार नाही. त्यांचं ज्ञान त्यांच्या लहानपणाचं आहे. त्या काळी एकट्या डॅप्सोनवर वर्षानुवर्षं काढावी लागत, आणि बोटं झडलेली माणसं देवळाबाहेर बसलेली त्यांनी पाहिली होती. मिरजेला मिशनच्या काळापासून कुष्ठरुग्णांसाठी वेगळा दवाखाना होता, तिकडे नेलेला माणूस घरी परत यायचा नाही, असं त्या सांगतात. महाराष्ट्रात कुष्ठरोग म्हटलं की अजूनही अमरावतीचं तपोवन आणि वरोऱ्याचं आनंदवन आठवतं. शिवाजीराव पटवर्धन आणि बाबा आमटे यांनी घराने टाकलेल्यांसाठी नवं गाव वसवलं, ते मोठंच काम होतं. पण आज गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात, रुग्ण घरीच राहतो, आणि प्रश्न त्याच घरात त्याच ताटात जेवायचा असतो. त्याला आश्रमाचं उत्तर चालत नाही.

बचत गटाची बैठक पाळीपाळीने घरोघरी होते. बाईंची पाळी आली तेव्हा ती टाळायचं धाडस कुणी केलं नाही, कारण बाईंची गटात शिल्लक होती आणि हप्ता कधी चुकला नव्हता. चहा झाला. अकराजणींपैकी सातजणींना त्या दिवशी उपवास निघाला. उपवासाला चहा चालतो हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चौघींनी घेतला, त्यात टोळीची मुकादमीण होती.

मुलीसाठी पलूसकडचं एक स्थळ आलं होतं, त्यांनी पुढे कळवलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, विचारलंही नाही. मुलगी म्हणाली, बरं झालं, परीक्षा देता येईल.

टोळीचा हिशेब

ऑक्टोबर छाटणीच्या आधी बाई मुकादमीणीकडे गेल्या. उपचार पूर्ण झाल्याचं कार्ड सोबत नेलं. मुकादमीणीने कार्ड पाहिलंही नाही. "रोग गेला असंल. हात कुठं आलाय?"

मला हे उत्तर आवडलं. आरोग्य खात्यातले आम्ही लोक 'रोग पूर्ण बरा होतो' हे वाक्य इतक्यांदा म्हणतो की हाताचा प्रश्न त्याखाली झाकला जातो. मुकादमीणीने तो उघडा केला, आणि त्यावर बोलता येण्यासारखं होतं. किळसेवर बोलता येत नाही.

तिच्या परवानगीने मी एक सकाळ बागेत काढली. छाटणीची कात्री दाबायला अंगठ्याची चिमूट पक्की लागते, अल्नर शीर गेली की नेमकी तीच ढिली पडते. काडी बांधायला सुतळी दोन बोटांत खेळवावी लागते, तेही जमेना. विरळणीला बोटं उघडून घडात शिरावी लागतात, वाकलेली बोटं अडकतात आणि चांगले मणी गळतात. डिपिंगमध्ये मात्र द्रावणाचा मग डाव्या हातात धरला की काम होत होतं. पेपर लावणं मंद, पण होत होतं. क्रेट मोजणं, वजन लिहिणं, हजेरी ठेवणं तर उत्तमच, कारण सातवी शिकलेली टोळीत दुसरी नव्हती. हजेरीची वही मुकादमीण रात्री नवऱ्याकडून लिहून घ्यायची आणि त्यावरून महिन्याला भांडणं व्हायची.

ठरलं ते असं: त्या हंगामात अर्धा वाटा. हजेरी, मोजणी, डिपिंग आणि पेपर बाईंकडे. हातमोजे बाईंनी स्वतःचे आणायचे आणि कुठं कापलं, भाजलं, सुजलं तर त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही. टोळीतली एकजण यावर टोळी सोडून गेली. मुकादमीणीने हे दयेपोटी केलं असं लिहिलं तर ती माझ्यावर चिडेल. छाटणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, बाई वक्तशीर होत्या आणि वही लिहायला माणूस हवं होतं. मला तरी वाटतं की अशा गरजेतून मिळालेली जागा टिकते. दयेची जागा पुढच्या हंगामात राहीलच असं सांगता येत नाही.

एका ठिकाणी माझं आणि बाईंचं जमलं नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी मोजमाप करून घ्या, बसलात तर संजय गांधी निराधार योजनेतून तेव्हाच्या दराने दरमहा १,५०० रुपये मिळू शकतील, असा माझा आग्रह होता. त्यांनी अर्जच केला नाही. सेतू केंद्र, तलाठी, समिती, प्रत्येक टेबलावर रोगाचं नाव वाचलं जाणार. "गावात समद्यांस्नी ठावं हाय, पर कागुद कुणाकडं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मला ते अजून पटलेलं नाही, पण तो हक्क त्यांचा आहे.

शस्त्रक्रिया

वाकलेली बोटं शस्त्रक्रियेने उघडता येतात. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातावर असं काम सुरू केलं. चालू असलेल्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) घ्यायचा आणि बंद पडलेल्या स्नायूच्या जागी जोडायचा, हे तत्त्व आजही तेच. बाईंच्या बाबतीत मधलं बोट वाकवणाऱ्या दोन टेंडनपैकी एक वापरायचं ठरलं. त्याआधी अटी असतात: उपचार पुरा झालेला, किमान सहा महिने रिअ‍ॅक्शन नाही, हातावर जखम नाही आणि सांधे आखडलेले नाहीत. शेवटची अट इतकी वर्षं मांडीवर बोटं सरळ करण्याने राखली गेली होती. सांधे आखडले असते तर सर्जनने परत पाठवलं असतं.

तारीख शिबिराच्या सोयीने ठरते, मजुराच्या सोयीने नाही. पहिल्यांदा मिळालेली तारीख ऐन विरळणीतली होती, बाईंनी ती सरळ नाकारली आणि तेच बरोबर होतं. पुढच्या पावसाळ्यातली मिळाली. जूनमध्ये शस्त्रक्रिया, तीन आठवडे प्लास्टर, मग हाताला नव्याने शिकवणं. मधलं बोट वाकवणारा टेंडन आता करंगळी आणि अनामिकेच्या बुडाशी काम करतो, हे मेंदूला ठाऊक नसतं. बाई आधी डोळ्यांनी बघून, मग न बघता, आधी मऊ कापड, मग लिंबू, मग पेन्सिल असं धरायला शिकल्या. ऑक्टोबरपर्यंत जड काम सोडून बाकीचं जमायला लागलं. शस्त्रक्रियेसाठी सरकारकडून १२,००० रुपये मिळतात, त्यातून दोन महिन्यांचा किराणा आणि मुलीची फी भागली.

प्लास्टरच्या काळात स्वयंपाक सासूबाईंवर आला. भांडीही आली. वेगळं ताट वेगळं घासायचं, वेगळं विसळायचं, वेगळं ठेवायचं, हे आता त्यांनाच करावं लागत होतं. दुसऱ्या आठवड्यात ते ताट बाकीच्या ताटांत मांडणीवर गेलं. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही, मी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पाण्याची किती नासाडी."

सध्याची स्थिती

बोटं उघडतात, मूठ वळते. चिमूट अजून ढिली आहे, म्हणून छाटणी त्या करत नाहीत. विरळणीच्या कात्रीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे, ती सुटली की नवी लावतात. गेल्या हंगामापासून पूर्ण वाटा मिळतो, हजेरीची वही त्यांच्याकडेच आहे. टोळी सोडून गेलेली बाई परत आली आहे आणि तिची हजेरी बाईच लिहितात.

संवेदना परत आलेली नाही, येणारही नाही. शस्त्रक्रियेने हालचाल मिळते, स्पर्श मिळत नाही. मुलगी आता वसतिगृहात असल्यामुळे रात्री हात पाहायचं काम मुलाकडे आलंय, तो कंटाळा करतो. थंडीत शेकोटीजवळ बसल्यावर एकदा पोळलं, वेळेत दिसलं म्हणून जखम चिघळली नाही. पायांची संवेदना शाबूत आहे, ती दरवर्षी तपासायची, उपचार संपल्यापासून पाच वर्षं. बेदाण्याच्या शेडवर निवडायला मात्र त्यांना अजून कुणी घेत नाही. मालक म्हणतात आम्हाला काही नाही, व्यापारी काय म्हणतील. व्यापाऱ्यांना कुणी विचारलेलं नाही. हे अडलेलं आहे आणि त्यावर माझ्याकडे सध्या उपाय नाही.

नवऱ्याची आणि मुलांची तपासणी दोनदा झाली, काही निघालं नाही. पुढची खरड छाटणी उरकल्यावर, मेमध्ये आहे. त्या वेळी सासूबाईंनाही आणते असं बाई म्हणाल्यात. सासूबाई अजून नाहीच म्हणतायत.